बरगडीवरचा हात

जखमाताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण स्टुडिओच्या फाटकावरच्या वॉचमनपासून दिग्दर्शकापर्यंत कुणालाही विचारा, बाईंचं खरं नाव एकालाही सांगता येणार नाही. बावीस वर्षं त्या सिनेमातल्या माणसांच्या अंगावर जखमा करत आल्या. फाटलेली भुवई, फुटलेला ओठ, सुजून बंद झालेला डोळा, पाठीवरचे वळ. सगळं रंगाचं, मेणाचं आणि कापसाचं. तरी नवखा माणूस बघायला आला की त्याच्या हातातला चहा तसाच निवून जातो.

त्याआधी आठ वर्षं ताई एका हाडांच्या डॉक्टरकडे पट्ट्या बांधायला होत्या. खऱ्या जखमा त्यांनी तिथे बघितल्या. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि शेजारी राहणाऱ्या एका मेकअपमनने त्यांना एके दिवशी सेटवर नेलं, कारण तिथे कुणाला तरी हात गळ्यात नीट बांधून हवा होता. ताईंनी तो बांधला आणि वर सुनावलं, "हात मोडलेला माणूस असा ताठ बसतो होय? खांदा पडतो त्याचा, खांदा." दिग्दर्शकाने ऐकलं आणि खांदा पाडायला लावला. ताई तेव्हापासून तिथल्याच झाल्या.

सिनेमा उलटसुलट काढतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आज शेवटची मारामारी, उद्या पहिली भेट, परवा मधलंच काहीतरी. म्हणून ताईंकडे एक वही असते. गोष्टीतल्या कुठल्या दिवशी हिरोच्या अंगावर कुठली जखम, किती जुनी, कुठल्या रंगाची, हे त्यात फोटो चिकटवून लिहिलेलं असतं. मुका मार पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळानिळा, पाच-सहा दिवसांनी कडेने हिरवट आणि आठवडा उलटला की पिवळा. पिवळ्या डागाला ताई "पिकला" म्हणत. पिकला म्हणजे आता चार दिवसांत जाणार.

सात वर्षांपूर्वीच्या एका सिनेमाच्या वेळी ही वही टम्म फुगलेली होती. गोष्ट साधी. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस. त्याच्या भावाला गुंड मारून टाकतात, पोलीस हात झटकतात, आणि हा गडी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून एकटाच कायदा हातात घ्यायला निघतो. निघतो आणि मार खातो. भरपूर खातो. पहिल्याच झटापटीत त्याची करंगळी मोडते ती शेवटपर्यंत मोडलेलीच राहते. जिना चढताना तो मध्येच कठड्याला धरून थांबतो. एका ठिकाणी तर दार ढकलून मारेकऱ्यासमोर उभा राहतो आणि त्याचे पाय लटपटतात. वहीत सतरा जखमा होत्या, प्रत्येकीला तिचं वय. लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. त्यातला नट तेव्हा अजून कुणाचा साहेब झालेला नव्हता. खुर्चीत बसून विचारायचा, "ताई, इथे लागलं तर माणूस वळतो कसा?" ताई वळून दाखवायच्या.

मग दुसरा भाग आला. नऊ जखमा. तिसऱ्यात तीन. चौथ्या भागाची वही उघडली तर त्यात एकच नोंद. डाव्या भुवईवर अर्ध्या बोटाची चीर, आणि तीही साहेबांच्या मॅनेजरने आखून दिलेली, कारण ती चेहऱ्याला शोभते. बाकी हिरोच्या केसाला धक्का नाही. बारा जण लोखंडी गज घेऊन येतात आणि दवाखान्यात नंबर लावल्यासारखे एकामागून एक मार खातात. हिरो काचेतून आरपार जातो, तिसऱ्या मजल्यावरून खाली येतो, कॉलर नीट करतो आणि चालू लागतो. ज्याला काहीच होत नाही तो शूर कसला, हा ताईंचा साधा प्रश्न होता. भिंतीला कुणी शूर म्हणतं का?

"मी बादली घेऊन बाथरूममध्ये घसरले होते," त्या घरी नवऱ्याला सांगत. "पडून पडून किती पडले असेन? दीड फूट. सहा आठवडे मला स्वतःचे केस विंचरता आले नाहीत. आणि हा मेला तीन मजले पडतो."

"त्याच्या हातात बादली नसते ना," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणे.

ताईंना एरवी हसू आलं असतं. पण हिरो पडत नाही म्हणजे त्याच्या जागी दुसरं कुणीतरी पडतं, हे त्यांना रोज डोळ्यांनी दिसत होतं. त्या दुसऱ्याला सगळे चेंडू म्हणत.

चेंडू हा साहेबांचा डुप्लिकेट. तीच उंची, तेच खांदे, पाठमोरा उभा राहिला की साहेबच. जमिनीवर आपटला की उसळून उभा राहतो म्हणून फाइट मास्टरांनी त्याचं हे नाव ठेवलं. तिशीचा, हसतमुख, शिवणकाम करणाऱ्या बायकोच्या अर्ध्या वचनात असलेला माणूस. त्याच्या घरी तिसऱ्या भागाचं मोठं पोस्टर होतं, ज्यात हिरो पाठमोरा उभा राहून जळत्या इमारतीकडे बघतो. "ही पाठ माझी आहे," असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि पाहुणे पोस्टर सोडून त्याच्या पाठीकडे बघायचे. हिरोला काही होत नाही याचा त्याला केवढा अभिमान. जणू तेही त्याचंच कर्तृत्व.

चौथ्या भागातला एके दिवशीचा शॉट म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या लाकडी खोक्यांवर उडी. शर्ट उजव्या कुशीला फाटलेला. सकाळी चेंडू शर्ट काढून ताईंपुढच्या स्टुलावर बसला तर त्या कुशीवर तळहाताएवढा डाग, मध्ये हिरवट आणि कडांना पिवळा.

"हे कधीचं?"

"मागच्या आठवड्यातलं. तालमीत खोक्याची कड लागली. काही नाही हो ताई."

ताईंनी दिवा जवळ ओढला, डाग बघितला. "पिकलाय," त्या म्हणाल्या, आणि साहेबांच्या कातडीचा रंग काढला. तो रंग त्या स्वतः चार डब्यांतून मिसळून करत. सात वर्षांत त्याचं प्रमाण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणाला जमलंही नव्हतं. दहा मिनिटांत कूस कोरी करकरीत झाली. दवाखान्यात असत्या तर त्यांनी आधी माणसाला मोठा श्वास घ्यायला लावला असता आणि मग बोटाने दाबून बघितलं असतं. इथे नुसता रंग बघितला, कारण बावीस वर्षं त्या रंगच बघत आल्या होत्या.

पहिल्या दोन उड्या ठीक झाल्या. तिसऱ्या वेळी चेंडू खोक्यांवर आला, उठला, आणि उठताना त्याचा हात आपोआप उजव्या बरगडीवर गेला. गुडघे किंचित दुमडले. अर्धा सेकंद, जास्त नाही. मग तो सरळ झाला आणि पळत चौकटीबाहेर गेला.

"हेच," दिग्दर्शक मॉनिटरसमोर मांडीवर थाप मारून म्हणाला. "हेच पाहिजे होतं. आज पहिल्यांदा माणूस वाटला."

मॅनेजर त्याच्या मागे उभा होता. त्याने शॉट परत लावायला सांगितला, परत बघितला आणि मान हलवली. "साहेब बरगडी धरत नाहीत."

"अरे, लोकांचा जीव खालीवर होईल इथे."

"आमच्या माणसाला दुखत नाही. चौथा भाग आहे हा. जेवणानंतर परत घ्या."

दिग्दर्शक तरुण होता, पुढचा सिनेमाही साहेबांबरोबर करायचा होता. तो मूग गिळून जेवायला गेला.

घामाने कुशीवरचा रंग उतरला होता, म्हणून चेंडू पुन्हा ताईंकडे आला. आला तो आधी टेबलाला धरून उभा राहिला आणि मग बेताबेताने स्टुलावर टेकला. ताईंनी ओला स्पंज लावला तर तो दचकला. त्यांचा हात तिथेच थांबला.

"श्वास घे."

"घेतोय की."

"मोठा. पोटापासून."

चेंडूने श्वास घेतला. अर्ध्यावर तो अडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर हसू तसंच राहिलं. ताईंनी दोन बोटं त्या डागावर ठेवून हलकेच दाबली, आणि बोटांखाली काहीतरी करकरलं. हाडांच्या दवाखान्यात आठ वर्षं काढलेल्या बाईला ते काय हे कुणी सांगायला नको होतं.

"किती दिवस दुखतंय?"

"आठ."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय ताई? तुम्ही बघितलंत की सकाळी. म्हणालात, पिकलाय."

ताईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. वहीतल्या रंगांवर भरवसा ठेवून त्यांनी मोडलेल्या बरगडीवर रंगरंगोटी केली होती आणि वर त्याला तीन उड्यांना पाठवलं होतं. वरचा डाग पिकत होता आणि आतलं हाड तसंच होतं. कंपाउंडरलासुद्धा कळलं असतं ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी रंगाच्या डब्यांची झाकणं एकेक करून लावली.

"लावा ना ताई," चेंडू हळूच म्हणाला. "एकच उडी आहे. मास्टरांनी दुसरा बघितला तर परत मला कोण बोलावणार? आणि चूक माझीच. साहेब कधी बरगडी धरतात का? मी कशाला धरली?"

हे ऐकलं आणि ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याची बरगडी मोडली तोच माफी मागत होता, आणि ती कुणाची, तर ज्याला दुखत नाही म्हणून दाखवतात त्याची. त्यांनी स्पंज आणि रंगाची थाळी नळाखाली धरली आणि सगळा रंग धुऊन टाकला.

मॅनेजर दारात आला. "ताई, पंधरा मिनिटं."

"रंग संपला."

"संपला कसा? डबे समोर आहेत."

"डब्यांत रंग आहेत. साहेबांची कातडी नाही. ती मी करते, आणि आज करणार नाही."

"मग दुसऱ्याला बोलावतो."

"बोलवा. त्याला प्रमाण जमेपर्यंत परवा उजाडेल. नाहीतर असाच शॉट घ्या, म्हणजे तुमच्या न दुखणाऱ्या माणसाची कूस फाटक्या शर्टातून हिरवीगार दिसेल."

"साहेबांना हे आवडणार नाही."

"मग त्यांनाच विचारते," ताई म्हणाल्या आणि चेंडूला म्हणाल्या, "इथून हललास तर बघ."

साहेब त्यांच्या खोलीत उजवा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. त्रेपन्न वर्षांचा गुडघा होता तो, आणि रोज सकाळी दार लावून ताईच त्याला पट्टी बांधत. हे जगात तिघांना माहीत होतं.

"मॅनेजर म्हणतो, तुम्ही रुसलात."

"रुसायला मी नवी नवरी आहे का? त्या मुलाची बरगडी मोडलीय. हाताला लागली माझ्या."

साहेब म्हणाले, "डॉक्टरकडे पाठवा त्याला. उडीला मास्टर दुसरा आणतील."

"आणि त्याची मोडली की तिसरा?" ताई उभ्यानेच बोलत होत्या. "उडी झालीय, साहेब. चांगली झालीय. त्याने फक्त अर्धा सेकंद कुशीला हात लावला. तेवढा राहू द्या. पहिल्या भागात तुमची करंगळी मोडली तेव्हा लोक थिएटरात आपापली करंगळी धरून बसले होते. विसरलात?"

"तेव्हा मला कोण ओळखत होतं? तेव्हा दुखणं दाखवलं तर लोक म्हणाले, काय काम करतो." साहेबांनी पिशवी जरा सरकवली. "आता कुठेही हात लावला तर म्हणतील, संपला."

ते खरं बोलत होते. ताईंना त्यांची कीव आली आणि मग त्या कीवेचाच राग आला, कारण खरी मोडलेली बरगडी तिकडे स्टुलावर बसून होती.

"तुमचं वय झाकायला मी रंग लावते, ते माझं काम आहे," त्या म्हणाल्या. "त्यासाठी त्या पोराने मरायचं, हे कुणाचं काम?"

इतकं स्पष्ट साहेबांशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नसेल. साहेबांनी बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. मग त्यांनी मॅनेजरला आत बोलावलं.

"उडी परत नको. झालीय तीच ठेवा. तो हात तेवढा कॉम्प्युटरवर पुसून टाका."

"पुसून?" ताई म्हणाल्या.

"तुम्हाला उडी नको होती ना, ताई? झालं की मग."

ताईंना मागितलेलं मिळालं होतं आणि तरी तोंडाला पानं पुसली गेली होती. त्या तशाच बाहेर आल्या आणि चेंडूला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. एकीचं टोक आत वळलं होतं. डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले की आणखी एकदा आपटला असता तर ते फुप्फुसात गेलं असतं. बाहेर बाकावर चेंडूची बायको बसली होती, बोटात अजून अंगठी घातल्यासारखं शिवणाचं टोपण. ताई तिच्याशेजारी बसल्या.

"मी सकाळी डाग बघितला होता," त्या म्हणाल्या. "मीच झाकला."

बायको मग म्हणाली, "मला तर दाखवलाही नव्हता. आठ दिवस माझ्याकडे तोंड करून शर्ट बदलला नाही त्याने." तिने बोटातलं टोपण ओढून काढलं. "मला म्हणाला, त्यांना कधी लागत नाही, मला लागलं तर बरं दिसेल का?"

चार महिन्यांनी सिनेमा लागला. ताई जाणार नव्हत्या. पण चेंडूने दुपारच्या खेळाची तीन तिकिटं काढली आणि दारात येऊन उभाच राहिला, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. बरगड्या जुळल्या होत्या. खाली वाकताना किंवा एकदम सरकताना कळ मात्र अजून यायची, आणि डॉक्टरांनी वर्षभर उड्या बंद सांगितल्या होत्या. मास्टरांनी दुसरा मुलगा उभा केला होता. चेंडू आता खोकी मांडायच्या कामावर होता, पण याविषयी तो बोलत नसे.

थिएटर भरलेलं होतं. हिरोने गॅलरीच्या कठड्यावर पाय ठेवला तसा चेंडू पुढे झुकला. त्याची बायको पडद्याकडे न बघता स्वतःच्या मांडीकडे बघत राहिली. उडी झाली. खोकी फुटली. हिरो उठला, आणि दोन्ही हात मोकळे सोडून, गुडघा न दुमडता, सरळ पळत निघून गेला. हात जिथे होता तिथे आता नुसता फाटका शर्ट आणि कोरी करकरीत कूस. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं, आणि चेंडूनेही टाळ्या वाजवल्या.

"बघा ताई," तो खुशीत कुजबुजला. "कळतसुद्धा नाही."

त्याच्या तोंडावरचा तो आनंद बघून ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाकुणावर रागवायचं हेच त्यांना कळेना. पुसणाऱ्यावर, पुसायला सांगणाऱ्यावर, शिट्ट्या मारणाऱ्यांवर, की पुसला गेला तरी टाळ्या वाजवणाऱ्या या खुळ्यावर. आणि पहिल्यांदा झाकणाऱ्या स्वतःवर तर राग होताच.

"दोन बरगड्या मोडल्या होत्या," त्या म्हणाल्या. हळू नाही, नेहमीच्या आवाजात.

पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मान वळवली. मांडीवर लहान मुलगी घेऊन बसलेला, डोळ्यांवर चष्मा, बघून हिशेबनीस वाटावा असा. "कुणाच्या? त्याच्या?" त्याने पडद्याकडे बोट केलं आणि हसला. "बाई, त्याला काय होतंय?"

"त्याला नाही. याच्या," ताईंनी शेजारी अंगठा दाखवला.

चेंडू शरमून गेला. कुणी बघू नये म्हणून तो खुर्चीत झटकन खाली सरकला, आणि सरकताना कळ आल्यावर त्याच्या तोंडून "आई गं" निघून गेलं. उजवा हात बरगडीवर गेला आणि तिथेच राहिला.

पुढच्या माणसाचं हसणं थांबलं. पडद्यावर पुढची मारामारी सुरू झाली होती, मांडीवरची मुलगी त्याची कॉलर ओढून त्याला पुढे बघायला सांगत होती, आणि तो मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे चेंडूच्या त्या हाताकडे बघत राहिला.